दाराच्या पोटात

बाहेरून टिचकी मारली की कळतं.
वर, काचेखाली, पत्रा खणखणीत बोलतो,
हात खाली नेत जावा तसा त्याचा आवाज बसत जातो
आणि शेवटच्या चार बोटांत
ओल्या पुठ्ठ्यासारखा नुसता हुं करतो.

ओविला म्हणाला, रंगाकडे बघू नकोस.
रंग शेवटपर्यंत खोटं बोलतो.

मग आतलं कव्हर काढलं.
अकरा क्लिपा, त्यांतल्या सात तुटल्या.
मागे तुम्ही चिकटवलेला प्लास्टिकचा कागद,
बटाट्याच्या बियाण्याची पिशवी फाडून केलेला, अक्षरं उलटी.
दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा घेतला,
टॉर्च तोंडात धरला
आणि या पिकअपच्या दाराच्या पोटात
पहिल्यांदाच डोकावले.

स्प्रूसच्या सुया. वाळू.
सुताराची चपटी पेन्सिल, मॅकरलचा एक गळ,
आणि दहा सेंटचं नाणं, शिडाच्या जहाजाचं,
ज्यावरून मी एलझेआरशी
आठवडाभर अबोला धरला होता.
काचेच्या फटीत गेलं होतं तर.

त्याखाली गंज.
भिजून वाळलेल्या वहीसारखे पदर सुटलेले,
बोट लावलं की एक पान गळायचं,
त्याखाली दुसरं.

इथे डिसेंबरपासून सरकारी ट्रक रस्त्यावर मीठ शिंपतात.
त्यात काही कमी पडलं तर
शालरची खाडी आहेच दारात.
चव्वेचाळीस हिवाळे या दाराने मीठ खाल्लं
आणि खाल्ल्या मिठाला ते जागलं.

एवढंच असतं तर मी पुढे लिहिलं नसतं.

दाराच्या खालच्या कडेला तीन भोकं असतात.
पाऊस काचेवरून आत येतो, येणारच,
कुठलंही रबर त्याला अडवत नाही.
तो या भोकांतून निघून जातो.
ती तिन्ही बुजलेली होती.
मला वाटलं कचऱ्याने.
खरवडलं तर लांबी निघाली,
हाताने दाबून बसवलेली,
आणि तिसऱ्या भोकावरच्या लांबीत अंगठा,
दोरखंडाने कापला होता तो, आडव्या रेघेचा.

डावं दार पाहिलं. त्याची भोकं उघडी.

म्हणजे रिमुस्कीचा हिवाळा.
दर मंगळवारी आईला हॉस्पिटलात न्यायचात,
जाऊन-येऊन दिवस जायचा,
आणि ती म्हणायची, पायांना वारा लागतो.
तिच्या बाजूचं दार तुम्ही बुजवलंत.
वारा थांबला का, माहीत नाही.
ती मे महिन्यापर्यंत होती.

ओविलाने ग्राइंडर उचलला. मी म्हटलं, जरा थांब.
तो थांबला, सिगरेट ओढून आला,
काही विचारलं नाही.
मग मीच म्हटलं, काप.

चार बोटांची पट्टी गेली.
नवा पत्रा, त्याला जस्ताचा हात,
वेल्डिंगचा एक टाका इथे, एक पार तिकडे.
सलग तापवला तर पत्रा रुसतो, तो म्हणाला.
कोपऱ्यात ब्रश पोचेना तिथे आम्ल सोडलं;
सकाळपर्यंत तांबडं सगळं
शाईसारखं काळं, निमूट.
सांधा भरला. भोकं नाही भरली.
त्यांतून तार फिरवून पाहिली, दोनदा.
शेवटी लांब नळीने आत मेण फवारलं, आंधळ्यासारखं.
कुठवर पोचलं ते वासावरूनच ठरवायचं.

एलझेआरला फोन केला, तुझं नाणं सापडलं.
तो म्हणाला, कुठलं नाणं?

क्षणभर वाटलं, परत टाकावं आत.
पण गडगडत जाऊन नेमकं भोकावर बसलं असतं.
खिडकीच्या चौकटीवर ठेवलंय, अंगठ्याशेजारी.
हो, तेवढा तुकडा मी कापून घेतला.
त्यालाही मेण लावलं.

रात्री दाराखाली पुठ्ठा पसरला.
मेण गळत होतं,
पहिल्यातून, दुसऱ्यातून.
तिसऱ्यातून बराच वेळ काहीच नाही.
मी स्टूल ओढून बसले.