दाभोळच्या शेडमध्ये, खडूने

भुसा खराट्याने बाजूला केला
आणि मोकळ्या झालेल्या कोब्यावर
खडूने काढली तिला, पुऱ्या मापाची:
चार मीटर अठ्ठ्याऐंशी लांब, एक मीटर नव्वद रुंद.
नाव लिहायची परवानगी नाही.
कागदोपत्री ती 'प्रकल्प सतरा'.

छप्पन्न वर्षांपूर्वीची गाडी. लांबलचक बॉनेट, आखूड शेपटी,
मागच्या चाकांवर दंड फुगवावा तसा उंचवटा,
आठ सिलिंडर, आणि पेट्रोलचा हिशेब न ठेवणारं घर.
सरळ, रिकाम्या रस्त्यांच्या मुलखात जन्मली,
वळणं तिला कुणी शिकवलीच नाहीत.
आता ती सगळीकडे विकायचीय:
सोलमध्ये, नैरोबीत, पुण्यात,
जिथे गल्ल्या अरुंद आणि पार्किंगवरून भावकी तुटते.

मेलमध्ये लिहिलंय:
राग हवा, पण बारा टक्के कमी.
पायी चालणाऱ्याला धक्का बसलाच तर मऊ बसावा, म्हणून नाक वर.
बॅटरीसाठी पोट जाड.
गुरगुर स्पीकरमधून येईल,
तिचे चार नमुने जोडले आहेत, ऐकून कळवा.

मी रजेवर आहे.
म्हणजे त्यांची सकाळ होईपर्यंत जागी राहते
आणि रेंजसाठी रात्री वरच्या सड्यावर जाते,
लॅपटॉप पोटाशी धरून, कोल्ह्यांच्या हद्दीत.

यासीन सारंग दोनदा फिरले रेषेभोवती,
रेषेवर पाय न देता.
मग म्हणाले, "ही रागावलीय कुणावर गो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
एकशे चाळीस पानांची फाईल होती.

त्यांच्या मागे अर्धी होडी उभी,
पठाण बसलेला, वाक उभे, फळ्या अजून यायच्या,
माशाच्या काट्यांतून दिसावी तशी
त्यातून खाडी दिसत होती.
त्यांच्या आज्याने, म्हणे, एका मस्कतवाल्यासाठी
गलबताची मागची बाजू सपाट करून दिली होती.
त्याच्या बंदरात तशीच पसंत करायचे.
"मग?"
"मग काय. पैसे रोख दिले त्याने.
गलबत मात्र मागून वारा आला की नाचायचं.
तक्रारीची तीन पत्रं आली.
आजाला वाचता येत नव्हतं, तेवढं बरं."
हसता हसता खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही.

नंतर न विचारताच
सागवानाची पातळ पट्टी आणली,
एक टोक मला धरायला दिलं,
दुसरं दरवाज्यापासून मागच्या चाकापर्यंत वाकवत नेलं,
एक डोळा मिटून.
पट्टी कुरकुरली, त्याच्या जरा अलीकडे थांबले.
माझ्या रेषेपासून दोन बोटं आत.
"इथे तू जबरदस्ती केलीस."
मी म्हटलं, पत्रा आहे, चाचा, लाकूड नाही,
प्रेसमध्ये घातला की हवा तसा वळतो.
"वळतो ना," ते म्हणाले. "दिसतंय."

धोपाव्याहून फेरीबोट लागली, भोंगा झाला,
जीपगाड्या उतरल्या, मासळीचा टेम्पो उतरला.
मी टेप घेऊन धक्क्यावर गेले, उगाच,
फेरीची फळी मोजून आले.
आरसे मिटले तर मावेल.

रात्री ओल्या फडक्याने खांद्याची रेषा पुसली
आणि पट्टीच्या कडेने पुन्हा काढली.
दोन बोटं म्हणजे किती मिलिमीटर,
हे कोणाच्या बोटांवर अवलंबून, ते कळवलं नाही.
राग किती टक्के उरला, तेही मोजलं नाही.
आवाजाचे नमुने ऐकले. चौघांनाही सर्दी झालेली.

सकाळी शेड उघडी.
चारही चाकांच्या जागी राळेचे डबे, नीट मापात ठेवलेले.
आणि उजव्या हाताला, जिथे मी स्टिअरिंग हलवलं होतं तिथे,
प्लास्टिकच्या खुर्चीवर यासीनचाचा,
हातात चहाचा ग्लास, तोंड खाडीकडे.

विचारलं, बॉनेट एवढी लांब, पुढचं दिसतं का काही?

"छे," ते म्हणाले,
"नाळीवर एक पोरगा उभा करावा लागेल."