नाहीच्या आधीचा श्वास

अट एकच होती : शब्द बदलायचा नाही.
एरंडवण्यातला स्टुडिओ, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले,
काचेपलीकडे रत्नाकर चक्रनारायण,
मांडीवर शुभवर्तमान, कानामागे तांबडी पेन्सिल.
पडद्यावरचे ओठ परक्या भाषेत हलायचे
आणि लवकर मिटायचे.
आमचं मराठी मागून चालत यायचं
उशीर झालेल्या पाहुण्यासारखं,
क्रियापद शेवटी घेऊन.
"एक 'आणि' कापू का?" मी विचारलं.
"कापायला तो काय आपल्या घरचा आहे?"

मला पेत्राचा आवाज मिळाला.
म्हणजे जाळी, पाण्यावरची चार पावलं, फुशारकी,
आणि त्या रात्री अंगणात तीनदा नाही.

पहिला नाही बरा झाला. दुसरा जरा जोरात.
तिसऱ्याला मी अडकलो.

एकोणिसाव्या वर्षी नारायण पेठेत
खोली बघायला गेलो होतो. मालकांनी चहा दिला.
शिंदे ऐकून खूश झाले. मग बशी खाली ठेवून,
"ते पंचहौदातले तर नव्हे?"
मी जे म्हणालो त्यावर खोली मिळाली.
दोन वर्षं राहिलो. नळाला दिवसभर पाणी होतं.
आई शनिवारी डबा घेऊन यायची,
मी तिला कोपऱ्यावरच गाठायचो.
तिने कधी विचारलं नाही, खोली कशी आहे.

"वा," रेकॉर्डिस्ट म्हणाला, "एका टेकमध्ये!"

पवित्र सप्ताहातला मंगळवार, गुरुवार पेठ, देवळामागचा हॉल.
प्रोजेक्टरखाली गायनांची पुस्तकं रचलेली, तरी चित्र तिरकं.
वंशावळ सुरू झाली. एक नाव गाळलं नाही.
रेशनच्या रांगेत पुकारावेत तसे सगळे पूर्वज,
वाळवंटातून चालणारे.
शमशोन भांबळचा धाकटा दाविदाच्या आधीच झोपला,
बाबेलच्या बंदिवासात जागा झाला :
"अजून नावंच?"

ओहोळ गुरुजींनी गाढवं मोजली.
गाढवी आणि शिंगरू, दोन्ही आहेत. मान डोलावली.
पण अंगणात शेकोटी पेटली तसे उठलेच :
"ही मत्तयात नाही! मार्कात आहे!"
"बसा हो गुरुजी," मागून कोणी,
"गारठतील की माणसं."

आई तिसऱ्या रांगेत.
मोबाइलचा टॉर्च, उघडं पुस्तक, ओळीवर बोट.
पडद्याबरोबर बोट सरकत होतं, शब्दाला शब्द,
लहानपणी मला पाढे म्हणायला बसवून
ती असंच बोट ठेवायची.
पहिला नाही. बोट पुढे.
दुसरा. पुढे.
मग कोंबडा आरवला, पेत्र बाहेर गेला,
पुढचा अध्याय लागला,
आणि तो उजेडाचा ठिपका अजून तिथेच,
त्याच पानावर.

तबीथा सिस्टरनी, ससूनला तेहतीस वर्षं काढलेल्या,
खिळ्यांना डोळे मिटले नाहीत.
राज्यपालाने हात धुतले तेव्हा मिटले होते.

शेवटी टाळ्या वाजवाव्यात की नाही कुणाला कळेना.
दोघांनी वाजवल्या, थांबवल्या.
खुर्च्या सरकल्या. समोसे आले. चक्रनारायण प्रत्येकाला
"एक शब्द सांगा चुकलेला, एक!"

आई म्हणाली, "नाही चुकला."
कपातली साय बोटाने काढून बशीच्या कडेला लावली.
"तिसऱ्या नाहीच्या आधी तू श्वास घेतलास.
तो लिहिलेला नाही."

मी समोशाचा कागद घडी करत राहिलो,
अर्धा, पाव, मग घडीच होईना.

बाहेर पानघंटी चौकात दुकानं ओढून घेत होते.
ती स्कूटरवर मागे बसली, पर्स मांडीवर,
पुस्तक पर्सवर, एक हात माझ्या खांद्याला.
"दारापर्यंत नेतोस," तिने विचारलं,
"की कोपऱ्यावर उतरू?"