लिंक नाही

उकंडराव भोयर, दिग्रस डेपोचे रिटायर मेकॅनिक,
माझ्या दुकानात नऊ वेळा आले.
नऊ वेळा, कारण एका दिवशी वीस हजारांच्या वर
माझ्या मशीनमधून जात नाही.

पहिल्यांदा आले तेव्हा गुळगुळीत दाढी,
कानात अत्तराचा फाया.
लाइटबिलाच्या पाठीवर लिहिलेला खातेनंबर
त्यांनी मोठ्यानं वाचला,
डेपोत पोरांना पाने मागायचे तसा :
चौदा-पंधरा, सोळा-सतरा.

नाव कुठल्याशा ट्रेडर्सचं निघालं.
मी म्हटलं, काका, हे कोण?
"कस्टमवाला हाय. तिचं पार्सल अडकवलं ना दिल्लीले."
तिचं म्हणजे मार्थाचं.
लढाई चालू असलेल्या कुठल्या तरी देशात नर्स.
फोटोत पांढरा कोट, मागे तंबू.

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज वाचून दाखवला :
"माझ्या प्रिय उकंडा, आज तू कोणते अन्न ग्रहण केलेस?"
"पाय ना बे प्रफुल, काय मराठी हाय! पोथीवानी.
आपल्या गावात कोनी मले असं इचारलं काय?"

नव्हतं विचारलं.
गिरजाकाकू गेल्यापासून चार वर्षं
फाट्यावरचा आलूबोंडा खाऊन ते झोपतात
हे सगळ्या गावाला माहीत होतं.
मलाही.

मार्थाला सांगायला काहीतरी हवं
म्हणून स्वयंपाक शिकले.
पातोडीचा रस्सा. गोळाभात.
अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी.
ताटाची कड पुसून, बल्बखाली धरून फोटो.
पातोडी फुटली तर फुटलेली तेवढी खाली दडवायची.
भाकरीला महिना लागला.
पहिली फुगली ती फडक्यात गुंडाळून
मला दाखवायला आणली.
मधे कच्ची होती. मी म्हटलं, मस्त.

भिंतीवर पोलिसांचा कागद होता,
माझ्याच हातानं चिकटवलेला :
अनोळखी व्यक्तीस पैसे पाठवू नका.
बाकावर बसले की काकांची पाठ
नेमकी त्या कागदावर टेकायची.

निराधारच्या पैशांच्या दिवशी
म्हाताऱ्या ओट्यावर दुपारपर्यंत बसून राहतात,
लिंक नाही, लिंक नाही.
काकांच्या नऊ दिवसांत ती एकदाही गेली नाही.
माझं कमिशन, सगळं मिळून, पाचशे चौतीस रुपये.

मग एका रात्री मेसेजखालच्या रेघा
निळ्या व्हायच्या थांबल्या.
तीन दिवस ते ताटाचे फोटो पाठवत राहिले.
चौथ्या दिवशी मीच त्यांना गाडीवर बसवून ठाण्यात नेलं.
शिपायानं सगळं मोठ्यानं वाचलं,
शेजारच्या टेबलालाही ऐकू जाईल असं.
"काका, या वयात?"
काका म्हणाले, "पुढं वाचा. गोळाभाताचं हाय त्यात."

परवा आले दहाव्यांदा.
दाढीची खुंटं पांढरी.
हातात पुन्हा लाइटबिल.
"मोठ्या हापिसातून साहेबाचा फोन होता.
सारे पैसे वापस भेटते म्हने.
फक्त फी भराची हाय. आठ हजार."

सांगायला हवं होतं
की हा साहेब आणि ती मार्था
एकाच ताटात जेवत असतील.
मशीनवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.
मी म्हटलं, काका, लिंक नाही.

"उद्या?"
उद्याही नाही.
"बरं. बसतो मंग."

बसले. त्याच कागदाला पाठ लावून.
दोन वाजता मी डबा उघडला,
अर्धी भाकर झाकणावर काढून त्यांच्यापुढे सरकवली.
त्यांनी आधी भाजीचा वास घेतला.
"लसून करपला बे," ते म्हणाले.
"आच मोठी ठेवली कोनीतरी."