पेरूविआना

जस्ताच्या पट्टीवर अक्षरं कोरताना
झुल्मिरा जिभेचं टोक दातांत धरते.
कोइंब्राच्या या बागेत बत्तीस वर्षं
तिनं झाडांची नावं लिहिली. उच्चारली क्वचित.
"लिहिलेली चूक दिसते," म्हणते,
"बोललेली वाऱ्यावर जाते."

एप्रिलात भिंतीपाशी निळा गेंद फुलतो.
जर्मन प्राध्यापक वाकून म्हणाले, स्किला.
'क' असा, की अक्रोड फुटावा.
बोलोन्याची मुलगी म्हणाली, शिला,
दगडातली नव्हे, पाण्यावरून घसरणारी.
एक इंग्रज बाई सिला म्हणाल्या
आणि लगेच माफी मागितली.
झुल्मिराची आई नुसतं निळा कांदा म्हणायची
आणि बकऱ्यांना हाकलायची.

जेवणाच्या सुट्टीत सार्डिनचा डबा मांडीवर घेऊन
मला तिनं अर्थ शिकवले.
नूटान्स, मान डोलावणारी.
रेपेन्स, सरपटणारी.
ट्रिस्टिस म्हणजे उदास, "पण तिला विचारलंय कुणी?"
हेलेबोरुस नीगर, काळा. फूल तर पांढरंशुभ्र!
"ज्यानं नाव ठेवलं, त्यानं उपटून मूळ पाहिलं होतं.
आता नाव ठेवणारे गेले,
नावं ठेवणारे उरले."

आणि ही पेरूविआना?
हिनं पेरू देश पाहिलेलाच नाही.
इथलीच, या समुद्रांच्या काठची.
म्हणे, कांदे ज्या जहाजातून उत्तरेला गेले
त्या जहाजाचं नाव पेरू होतं,
कुणीतरी जहाजालाच देश समजलं.
खरंखोटं समुद्र जाणे.
पण पहिलं छापलेलं नाव सहसा बदलत नाहीत.
झुल्मिराच्या जन्मदाखल्यावरही
बापाच्या रकान्यात
कारकुनानं साक्षीदाराचं नाव लिहिलंय.

परवा एक बाई आली,
हॉस्पिटलच्या फरशा पुसून, गणवेशावर रेनकोट.
पाटी वाचली. उकिडवी बसली.
पुन्हा वाचली, या वेळी बोटानं.
"एस्सिया," म्हणाली,
पुढे एक 'ए' जोडून, जसा तिकडे जोडतात,
"पेरूविआना.
मी आरेकिपाची.
ही कधी आली तिकडून?"

झुल्मिराच्या हातात फडकं होतं.
मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

"फार पूर्वी," ती म्हणाली.
"जहाजातून."

बाई फुलाशी काहीतरी बोलली,
हळू, स्पॅनिशमध्ये. मला कळलं नाही.
ती गेल्यावर झुल्मिरानं पाटी पुसली
आणि 'पी'च्या पोटात साचलेली माती
नखानं काढली.