साडेदहाचा खेळ

मार्चपासून फाटक बंद आहे.
तिकीटखिडकीत कबुतरांनी अंडी घातलीत.
चार हजार निळ्या खुर्च्या उन्हानं पांढऱ्या होताहेत,
दक्षिणेकडच्या आधी.

मी पंपवाला. खेळाशी माझा संबंध नव्हता कधी.
पाणी फिरतं ठेवायचं, क्लोरीन मोजायचं,
भिंतीचं शेवाळ खरवडायचं.
उड्या ऑदीलच्या ताब्यात, शिट्टीवर.
ऑदील आता डोंगरापल्याड बेकरीत पाव विकते,
शिट्टी इथंच आहे, खिळ्याला.

आणि ब्रूम. ती आहेच.
कायदा झाला, लोक फलक गुंडाळून आनंदात घरी गेले.
तिला न्यायचं कुठं, याच्या बैठका चालू आहेत.
एका खाडीत जाळं बांधायला पैसे नाहीत.
एका मालकाला ती हवी आहे,
त्याच्याकडे खुर्च्या जास्त आहेत.

सव्वादहाला मी हेरिंगची बादली आणतो,
कल्ल्यांत गोळ्या खुपसलेल्या.
जिलेटिनचे ठोकळे वेगळे,
कारण मेलेल्या माशांत तिच्यापुरतं पाणी नसतं.
पाण्यात राहणारीला पाणी भरवायचं!
पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं.
लोखंडी दार चावून तिचे दात झिजलेत,
सात दातांना डॉक्टरनं भोकं पाडलीत,
ती रोज पिचकारीनं धुवावी लागतात.
ती तोंड उघडून थांबते,
टोलनाक्यावर गाड्या थांबतात तशी.

साडेदहा.
शिट्टी कुणी वाजवलेली नाही.
ती डावीकडून निघते. तीन फेऱ्या, उडी, पाठीवर,
मग शेपटीनं पहिल्या सहा रांगांवर पाणी,
जिथं अजून लिहिलंय : इथे बसाल तर भिजाल.
खुर्च्या भिजतात.
मग काठावर अंग टाकून ती उजवा पर हलवते, निरोपाचा,
आणि वाट बघते.

टाळी वाजवली तर मीही प्रेक्षक.
नाही वाजवली, तर आपलं चुकलं कुठं
हे ती कुणाला विचारणार?
मी ऑदीलला फोन केला.
ती म्हणाली, दुकानात गर्दी आहे.

रस्ता, मग रेल्वेचे रूळ, मग दगड, मग समुद्र.
एवढंच अंतर.
ब्रूमनं तो पाहिलेला नाही,
ती दोन नंबरच्या टाकीत जन्मली.
आईला उत्तरेच्या गार पाण्यातून आणली होती.
तिची एक हाक ब्रूमकडे उरलीय,
चढत जाते, शेवटी तुटते.
ती बोली या किनाऱ्याला कुणी बोलत नाही.
सोडू म्हणतात, तेही तिच्या लेखी ऐकीव.

काल रात्री वारा सुटला होता.
नियम मोडून मी पंप बंद केले.
घरघर थांबली तेव्हा कळलं,
सव्वीस वर्षं तिच्या कानात
मीच वाजत होतो.

ती पाण्यात उभी राहिली, एका जागी,
रुळांकडच्या भिंतीला डोकं लावून.
हाक दिली नाही.
ऐकत होती, की नुसती दमली होती,
मला सांगता येणार नाही.

मग दाबाचा लाल दिवा लागला.
मी पंप सुरू केले.
सकाळसाठी हेरिंग बाहेर काढून ठेवले.