उजवा हात

एकशे एकोणिसाव्या मैलाच्या पाटीपाशी
एक पिकअप चरात नाक खुपसून उभी होती,
दिवे चालू, दार सताड उघडं,
आणि एक माणूस रस्त्याच्या मधल्या पिवळ्या रेघेवर
कुणाशी तरी भांडत होता. तिथे कुणी नव्हतं.

मी गाडी थांबवली.
पुढचं सांगण्याआधी हे सांगते, की थांबवली.
आणि हेही, की कमरेला रिव्हॉल्व्हर नसतं
तर थांबवली असती की नाही, मला ठाऊक नाही.
मोंटानाच्या या टोकाला पुढचं घर बावीस मैलांवर,
फोनला एक दांडी, तीही वाऱ्याच्या मर्जीवर.

धान्याच्या कोठारावर मी ट्रक तोलते. एकतीस वर्षं.
आधी भरलेला, मग रिकामा,
वजाबाकीत येतो तो गहू.
कोटाखालचं ते, पाच गोळ्यांसकट, सव्वा पौंड भरतं.
त्याच्यासह मी, आणि त्याच्याविना मी:
वजाबाकीत नेमकं काय येतं
ते माझ्या काट्याला कळत नाही.

आठ तासांचा वर्ग होता, चर्चच्या तळघरात.
शिकवायला रॉस्को हाउगेन, शेरीफच्या कचेरीतून निवृत्त.
"तोंडाकडे बघू नका. हातांकडे बघा. जीव हात घेतात."
कॉफी दिली, डोनट दिले, संध्याकाळी सर्टिफिकेट.
माझ्या वहीत ते वाक्य दोनदा अधोरेखित आहे.

म्हणून मी हातांकडे पाहिलं.
एक हात जाकिटाच्या आत.
ओरडले, हात बाहेर काढा!
त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकलं ते आत पोचलं नाही.
एक शिवी हासडली आणि झोकांड्या खात
माझ्या दिव्यांच्या उजेडात आला.
दारुडा, मी मनात म्हटलं. नाहीतर त्याहून वाईट काही घेतलेला.
आणि माझ्या अंगठ्यानं, मला न विचारता,
चामड्याच्या म्यानाचं बटण उघडलं.

टिच्.

एवढंच. त्या वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नसणार.
मला अजून येतं.

मग मी रॉस्कोचा शब्द मोडला, तोंडाकडे पाहिलं.
पांढरंफटक. केस कपाळाला चिकटलेले.
शून्याखाली अकरा, आणि हा घामानं निथळतोय!
ओठ असे हलत होते,
जसे माझ्या भावाचे, आल्डेनचे,
जेवणाची वेळ टळली की हलायचे,
आणि मग तो आईलाच विचारायचा, बाई, तू कोण?
साखर.
देवा, याची साखर उतरलीय.

कॅफेतून उचललेली मधाची पाकिटं
माझ्या खिशात नेहमी असतात. चोरीच म्हणा.
दातांनी फाडली. त्याला गाडीच्या आडोशाला बसवला,
गालाच्या आतून बोटानं मध लावला,
बाळाला चाटवतात तसा थोडा थोडा.
सात पाकिटं.
जाकिटातला हात मीच हळूच बाहेर काढला.
मुठीत चॉकलेट. कागद न फाडलेला.
तो फाडणंच त्याच्या बोटांना जमत नव्हतं.

वीसेक मिनिटांनी तो माणसात आला.
एल्मो ट्रुसडेल, मेंढ्यांची लोकर कातरतो.
"बाई, मी तुम्हाला घाबरवलं का?"
"थोडंसं."
त्यानं माफी मागितली. माझी.
आणि मी ती घेतली.

पहाटे स्वयंपाकघरात पाची गोळ्या टेबलावर काढल्या.
मुठीला मध लागला होता,
बटण परत लावताना लागला असणार.
कोमट पाण्याचा बोळा, मग तेल, पुन्हा बोळा.
खाचांमधला मध लवकर निघत नाही.

आता ते घरी ठेवशील का, कुणी विचारेल.
नाही. परवा त्याच रस्त्यानं जायचंय,
कोटाखाली तेच सव्वा पौंड.
अंगठ्याचं काय करायचं, तेवढं वर्गात नव्हतं.

पाकिटं मात्र आज मूठभर जास्त घेतली.
गल्ल्यावरच्या मार्लिसनं पाहिलं,
काही बोलली नाही,
वाडगं जरा माझ्या बाजूला सरकवलं.