पुढचा टप्पा

फेरीबोट आज सुटत नाही.
तोर्शाव्हनच्या तळघरात बसून रानवा
फुगलॉयचे मार्ग हाताने भरते आहे:
हा पत्ता, हा मास्क,
पुढचा टप्पा कड्यावरचा मनोरा.

बास. राउटरला याहून जास्त सांगायचं नसतं.
त्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं नाही,
दाखवलेल्या वाटेला पाकीट लावायचं.

मधेच एक जुनी ओळ.
शेऱ्यात येग्वानने लिहून ठेवलंय: शाळा, मुलं दोन.
शाळा मिटून सहा वर्षं झाली,
येग्वानलाही तीनेक.

ती पिंग करते.
चार पाकिटं मनोऱ्यापर्यंत नीट जातात,
मनोरा इमानानं पुढे देतो.
पलीकडून काही नाही.

पुसायचा हुकूम टाइप करून झालाय.
एंटर तेवढं राहिलंय.
रानवा उठते,
किटलीत पाणी आहे का बघते.